शेऱ्याचा रकाना

सिनावच्या गुरांच्या बाजारापासून बारा किलोमीटरवर
पत्र्याच्या सावलीत एकशे चाळीस उंटिणी,
आणि माझ्या हातात पॅड, पेन, मोजपट्टी.
काम साधं आहे:
हात खाली सोडून समोरून चालत जायचं,
नजर तिच्या खांद्यावर, डोळ्यांत नाही,
ती पहिलं पाऊल मागे घेईल तिथे थांबायचं
आणि मधलं अंतर लिहायचं.

साठ नंबर: चाळीस सेंटिमीटर.
एकसष्ट: सहा मीटर वीस.

दोघींची आई एक. बापही तोच,
बिदियाहून आणलेला, थंड डोक्याचा म्हणून जास्त पैसे मोजलेला.
आठव्या दिवशी गर्भ धुऊन काढले,
दोन परक्या पोटांत ठेवले,
तेरा महिने वाट पाहिली.
त्याच पापण्या, तोच लोंबता ओठ,
बसताना आधी डावा गुडघा टेकायची
तीच खोड, कुणी न शिकवलेली.

साठ बाबिकरच्या हाताखाली वाढली.
तो सुदानचा. दूध काढताना मोठ्याने हिशेब करतो:
घरी किती पाठवले, भावाने किती उडवले,
छपराला अजून किती लागतील.
तिला वाटत असेल, माणूस म्हणजे
ही न संपणारी पुटपुट,
जिच्या शेवटी पान्हा फुटतो.

एकसष्ट तीन महिन्यांची होती,
लस टोचायला पिकअपमध्ये चढवली चौघांनी,
दोरी लावून.
मुदैबीच्या रस्त्यावर पंपापाशी गाडी रात्रभर उभी, इंजिन चालू,
ड्रायव्हरला आत एसी हवा होता.
कुणी मारलं नाही. नोंदवहीत तसंच आहे, 'इजा नाही.'
तेव्हापासून पाण्याचा टँकर फाटकात आला
की आधी तिचा कान वळतो, मग मान,
मग ती सगळीच.

माझे वडील म्हसवडच्या बाजारात हेडी.
बैलाच्या कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर सरकलेला दिसला
की रुमालाखालची बोटं आखडून घ्यायचे.
'बुजरा निघणार हा. खाण तशी माती.'
दहातले सात-आठ तसेच निघायचे.
उरलेल्यांबद्दल ते बोलत नसत.
मी त्या उरलेल्यांवर पदवी घेतली.

तरी चौऱ्याऐंशीचं काय सांगू?
तीही बाबिकरचीच, तोच हिशेब ऐकत मोठी झालेली,
आणि आठवड्याला त्याचा एक सदरा फाडते.
तो म्हणतो, हिची आजी शर्यतीतली,
तिनेही एकाचा कान नेला होता.
म्हणतो आणि हसतो, उरलेल्या बाहीला डोळे पुसतो.

गुरुवारी हुमैद आला, मालक.
एकसष्टकडे हनुवटीने खूण केली:
रक्त खराब आहे. पुढच्या बाजारात काढ.
मी म्हटलं, साठचंच रक्त आहे.
मग दूध का चोरते?
त्याने व्यवहार मिटवायला हात पुढे केला
आणि माझी बोटं आपोआप मुठीत गेली,
रुमाल नव्हता, तरी.
हे मी वडिलांकडून आणलं
की लहानपणी बाजारात त्यांच्या कोपराशी उभी राहून उचललं,
याची मोजपट्टी माझ्याकडे नाही.

चाळीस दिवस मागितले. हसून दिले त्याने.

टँकर आता फाटकाबाहेर बंद होतो,
पाइप ओढत आणतो आम्ही, वाळूतून, शिव्या देत.
संध्याकाळी मी तिच्या कुंपणाशी पाटी घेऊन बसते
आणि काहीच करत नाही.
बोलायचं म्हणून एकदा घरचा हिशेब सुरू केला,
माझा लवकर संपला.
मग नुसते बाजाराचे जुने भाव म्हणत राहिले,
खिलारची जोडी, जाफराबादी म्हैस, सात माणदेशी मेंढ्या.

एकोणचाळिसावा दिवस. हात खाली, नजर खांद्यावर.
पाच मीटर नव्वद.
तीस सेंटिमीटर कमी. शाळेतल्या पट्टीएवढे.

शेऱ्याच्या रकान्यात 'सुधारणा' लिहिलं,
आणि खाली, हुमैदला दिसेल अशा अक्षरात,
आज वारा नव्हता, हेही.