सहाला सुरू

सकाळी सात चाळीसला कोंबडी ओव्हनमध्ये ठेवली,
दही, आलं-लसूण, भिवापुरी मिरची लावून,
आणि हिरव्या आकड्यांना सांगितलं, सहाला सुरू व्हा.

ओव्हन खोब्रागडेंचा. त्यांची बदली गुवाहाटीला झाली
तेव्हा अर्ध्या किमतीत घेतला, माहितीपुस्तिकेशिवाय.
उशिरा पेटायची सोय त्यात आहे असं कळलं
तेव्हा वाटलं, चला, घरात एक तरी जण
माझ्या सांगण्याबरहुकूम थांबेल.

मग मनीषनगरचं फाटक, वर्धा रोड,
काउंटर, टोकन, पासबुकं, कुलरचा घोंघाट.
मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
बंद स्वयंपाकघरात किती, ते पेपरात छापून येत नाही.

डब्याच्या सुट्टीत चहांदेबाईंना सांगितलं, जरा ऐटीतच.
त्यांचा भाऊ लग्नातल्या जेवणाची कंत्राटं घेतो.
त्यांचा घास हातातच राहिला.
"बाप्पा! दहा तास? ह्या उन्हात?
पेटेपर्यंत तो ओव्हन कुठं हो,
ते तर नुसतं कपाट आहे."

नुसतं कपाट.

मी लोकांना चक्रवाढ व्याज समजावून सांगते.
मुद्दलाचं व्याज, व्याजाचं व्याज,
म्हाताऱ्यांना दोनदा, बोटं मोडून.
त्या दुपारी खिडकीमागे बसून तोच हिशेब करत होते,
एकाचे दोन, दोनाचे चार,
वीस-वीस मिनिटांनी दामदुप्पट,
काळोखात, दह्यात, माझ्या मिरचीच्या लालीत,
आणि खातेदार कोण, तर माझी ओवी.

"पण शिजल्यावर मरतीलच ना?"
"ते मरतील. त्यांनी सोडलेलं विष नाही मरत सगळं.
भावानं एकदा पनीर वाचवलं होतं,
उरलेलं, सकाळचं, परत उकळून.
अर्धं वऱ्हाड मेयोत होतं."

पावणेसातला जिन्यातच वास आला.
भोयरकाकू दारात उभ्या, "काय बेत आहे आज?"
आणि ओवी ताट घेऊन तयार.
झाकण काढलं.
इतका सुंदर रंग मला आजवर कधी जमला नव्हता.
वासात खोट नाही, चटका बसेल इतकी वाफ,
सगळं कसं निर्दोष.

"आई, एकच तुकडा."
माझ्याकडे पुरावा नव्हता.
कदाचित काहीच झालं नसतं.
ते कदाचित मी दोन पिशव्यांत बांधलं,
गच्च गाठ मारली, गल्लीतल्या कुत्र्यांसाठीसुद्धा,
आणि ओवी माझ्याशी बोलली नाही
गोळाभातावर फोडणीचं तेल पडेपर्यंत.

आता त्या सोयीवर मी बटाटे ठेवते,
सालीसकट, कोरडे. ते थांबू शकतात.
कोंबडी फ्रीजमध्ये असते, मी घरी येईपर्यंत.
उशीर होतो. होऊ दे.

काल दुपारी लाईट गेली होती, किती वेळ कोण जाणे.
घरी आले तर ओव्हन लुकलुकत होता,
शून्य शून्य, शून्य शून्य,
जणू मध्ये वेळ गेलाच नाही.