डावं कोपर

शेडगे मॅडमनी पहिल्याच दिवशी माझी सुई काढून घेतली.
"ही जाड आहे, बाबालालचाचा,"
आणि डॉक्टर टाके घालतात तसली वाकडी सुई हातावर ठेवली,
सोबत केसाहून बारीक रेशीम, राखाडी.

मी म्हटलं, कोट काळा, धागा राखाडी?
म्हणाल्या, दिसू दे.
उद्या कुणाला उसवावंसं वाटलं
तर आपलं काम कुठं संपलं, हे त्याला कळायला पाहिजे.

चाळीस वर्षं भवानी पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
मी नेमकं उलटं करत आलो.
शालूला बिडीचं भोक, फौजदाराच्या पँटीला खिळ्याची ओढ.
गिऱ्हाईक कापड उजेडात धरून विचारायचं,
"कुठं होतं हो?"
तीच मजुरी. पैसे नंतर.
अब्बा म्हणायचे, दिसला तर तो रफू नव्हे, ठिगळ.

अल्पाकाचा लांब कोट, पाळंदे वकिलांचा,
नातसुनेनं गाठोड्यातून आणून दिलेला.
खिशात कोर्ट-फी स्टँपचा तुकडा आणि दोन डांबरगोळ्या.
गोळ्या मॅडमनी चिमट्यानं उचलल्या, विंचू उचलावा तशा.
मग कोट पंधरा दिवस प्लास्टिकमध्ये, बर्फाच्या पेटीत,
कसरीची अंडी मरायला पाहिजेत म्हणून.
घरी सांगितलं तर नात म्हणाली, वकिलाची कुल्फी.

धुवायचा नाही. इस्त्री नाही. टांगायचा तर नाहीच;
खांद्यांवर स्वतःचंच ओझं येतं म्हणे.
बिनखळीच्या, चारदा धुतलेल्या मांजरपाटावर निजवायचा,
बाह्यांत मऊ कागदाच्या गुंडाळ्या.
कॉलरीवर घामाची तांबूस कड होती.
मी ओला बोळा उचलला.
"राहू दे. तोही कोटाचाच आहे."

बाहेर सातारचा आषाढ, अजिंक्यतारा चार चार दिवस दिसत नाही.
ओलाव्याचं यंत्र सत्तर दाखवतं
आणि मॅडम नखं खातात.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाहीवर आलो.
रजिस्टरात लिहिलेलं: डावं कोपर, सुस्थितीत.
बोट फिरवलं. थांबलं.
डोळ्याला काही नाही, भिंगाखालीही नाही,
पण बोटाखाली सुपारीएवढं कापड
जरा जास्तच गप्प.
अस्तर एका जागी उसवलेलं, त्या फटीतून पाहिलं:
शेवटचा धागा डावीकडं वळून आडव्याखाली गेलेला.
आमच्यात सगळे उजवीकडं वळवतात.
साताऱ्यात एकच रफूगार डावखुरा होता,
मदरशात छड्या खाऊनही हात न बदललेला.

तीन दिवस मी बोललो नाही.
सांगावं, तर अब्बांचा रफू पकडला जातो,
साठ-पासष्ट वर्षांत वकिलांना, जज्जाला,
अगदी कसरीलासुद्धा न सापडलेला.
न सांगावं, तर रजिस्टर खोटं.
आणि मॅडम खोटं लिहीत नाहीत,
माझ्या एका वाकड्या टाक्याचाही त्यांनी फोटो काढून ठेवलाय.

चौथ्या दिवशी, चहाच्या वेळी, बाहेरच्या बाकावर सांगितलं.
त्या कप तसाच ठेवून उठल्या.
खोडरबरानं 'सुस्थितीत' पुसलं, कागदाचा भुगा फुंकला.
"जुनी दुरुस्ती, एक. कारागीर?"
दस्तगीर हुसेन मुल्ला.
रेशनकार्ड सोडलं तर हे नाव कुठं लिहिलेलं
मला ठाऊक नाही.
कबरीवरचं पावसानं नेलं.
त्यांनी विचारून विचारून लिहिलं, स-ला त जोडून,
पेन्सिलीनं, कारण शाई इथं आत आणत नाहीत.

मग कोटाचा नकाशा पुढं सरकवला.
"नेमकं कुठं, चाचा? दाखवा."

मी बाहीवर बोट ठेवलं.
सुपारीभर अलीकडं.