रविवारी लांबच्या वाटेने

जेवणानंतर अर्ध्या तासाने मी उठते.
ताटात तारोचा कंद, सिस्टर लुसेआनेच्या मुठीएवढा,
आणि तिची मूठ लहान आहे.

नेइआफूच्या धक्क्यापर्यंत जायचं, परत यायचं.
वेग असा, ती म्हणाली,
की बोलता यावं, पण गाता येऊ नये.
म्हणून मी वाटेत डुकरिणीशी बोलते.
तिच्यामागे सात पिल्लं.
तिच्या बोटाला कुणी सुई टोचली नाही.

तुतीची साल ठोकणाऱ्या बायका
ठोका चुकवून विचारतात:
सातवा लागला ना? मग बस की जरा.

आई दारात बसून फेऱ्या मोजते.
तिचा उजवा पाय मागल्या वर्षी
साखरेने नेला, गुडघ्याखालून.
एकदाच म्हणाली,
माझ्या वाटणीचंही चाल.

परवा बसून राहिले, तर नऊ पूर्णांक दोन.
काल चालून आले, तर सहा पूर्णांक आठ.
आकडा मी पोटाला वाचून दाखवते.
ते लाथ मारतं.
पटलं म्हणून की कंटाळून, कोण जाणे.

रविवारी मात्र
या बेटावर कुणी घाम गाळायचा नाही.
रस्ता देवाचा.
मी कमरेला चटई बांधते,
बायबल काखेत मारते
आणि चर्चला निघते.
चर्च घरासमोरच आहे.
मी बंदराला वळसा घालून जाते.

पोचते तेव्हा गाणं सुरू झालेलं.
पाद्री माझ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे.
मी तोंड उघडते,
सूर फुटत नाही, नुसती धाप.

म्हणजे वेग बरोबर होता.