घसारा

डुलुथमध्ये रात्रीचे अकरा-चाळीस.
टोइंगच्या ऑफिसात लोरेटा हकाला
लॅपटॉपसमोर. चाचणी बाराला बंद होते.

प्रश्न सातवा : ट्रक, किंमत अठ्ठेचाळीस हजार,
आयुष्य आठ वर्षं, भंगारमूल्य चार हजार.
सरळ रेषेत घसारा काढा.

सरळ रेषेत!
तिचा ट्रक अकराव्या वर्षात आहे,
खातेवहीत कधीचाच भंगार,
आणि आत्ता हायवेवर, बर्फात घुरघुरत
कुणाची तरी व्हॅन चरातून ओढतोय.

फोन वाजतो.
‘हो, पाठवते. हीटर चालू ठेवा, झोपू नका.’

साडेपाच हजार, ती भरते.
मग एका पावतीच्या पाठीवर, उगाच :
वय त्रेपन्न. वापरलेली वर्षं...
पेन गोठलंय. ती ते तोंडाजवळ धरून
फुंकत राहते.
प्रश्न आठवा.