सात मिनिटं, चाळीस शेळ्या

टेक्ससच्या टोकाला, नदीला लागून,
काउंटीच्या छोट्या कोर्टात
एसी दिवसभर खोकत असतो.
इरासेमा काव्हासोस, वय एकोणपन्नास,
दुभाषी. शपथेवर सांगून बसलेली
की मी काच होईन,
माझ्यातून पलीकडचं दिसेल, मी नाही.

समोर एलेउतेरिओ, टोपी गुडघ्यावर.
आरोप एका क्रियापदाचा:
गस्तीची गाडी येताना
त्यानं चाळीस शेळ्या रस्त्यावर घातल्या
आणि कायद्याच्या कामाला हिंडर केलं.

हिंडर. मराठी कानाला वाटावं
कुणीतरी हिंडायला निघालंय.
अर्थ नेमका उलटा.

'केलंत की नाही?' वकील थांबतो.
आता तिच्याकडे एक श्वास आहे.

तो इंग्रजी शब्द मुळातच पाठीमागचा,
मागून सदऱ्याचं टोक धरणारा.
तिच्या भाषेतले येतात ते पुढून,
नाहीतर पायातून.

इम्पेदीर: याच्या पोटात पाऊल आहे,
पावलात घातलेला खोडा.
पण इम्पेदीर म्हणजे गाडी अडली ती अडलीच.
गाडी तर पोचली. सात मिनिटं उशिरा.
ओब्स्ताकुलिसार इस्त्री करून येतो,
म्हातारा त्याला साहेब समजून उठून उभा राहील.
एन्तोर्पेसेर: कामाच्या हातापायाला मुंग्या,
कुणी धरलेलं नसतं तरी बधिर.
शेळ्यांपुरतं हे खरं आहे,
पण शेळ्यांना विचारलंय कुणी?

आणि एस्तोर्बार.
स्वयंपाकघरातला शब्द. तिची आई
तव्यावर तोर्तिया उलटताना
कोपरानं म्हणायची, नो एस्तोर्बेस,
लुडबुडू नकोस गं,
आणि इरासेमा टेबलाखाली जाऊन बसायची.

म्हाताऱ्याला हाच कळेल.
म्हणूनच तो हो म्हणेल.
टोपी धरायच्या तऱ्हेवरूनच तिला दिसतंय,
हा माणूस सुनेच्या घरात राहतो,
रोज कुणाच्या तरी वाटेत येतो.
'एस्तोर्बो, सेन्योरा,' म्हणेल, 'सगळ्यांनाच,'
आणि हसेल.
ते हसू लघुलेखनात उतरत नाही.
उरलेला हो तिलाच उचलून
इंग्रजीत ठेवावा लागेल, आणि तिथं
त्याचा कबुलीजबाब होईल.

इम्पेदीर म्हटलं, तर तो नाही म्हणेल.
सुटेलही कदाचित.
खोटं कुणी म्हणणार नाही तिला; शब्दकोशात
दोघं एकाच ओळीत राहतात,
मध्ये स्वल्पविरामाची भिंत.

श्वास संपला. लघुलेखिकेची बोटं हवेत.
'काही अडचण?' न्यायाधीशबाई विचारतात.
आता तर तीच अडचण.

काचेला तडा जावा तशी ती बोलते,
रीतीप्रमाणे स्वतःला परकी करून:
'दुभाषी कोर्टाला विनंती करते
की या शब्दाला दोन दारं आहेत,
प्रश्न साध्या शब्दांत पुन्हा विचारावा.'

वकील सुस्कारतो, घड्याळाकडे बघतो.
'गाडी का थांबली?'
ती विचारते. म्हातारा बराच वेळ टोपी फिरवतो.
मग तो सांगतो, मग ती सांगते:

'एक शेळी गाभण होती. ती सावकाश चालते.
बाकीच्या तिच्यासाठी थांबतात,
मी त्यांच्यासाठी.
गाडीवाले कुणासाठी थांबले
ते त्यांना विचारा.'

लघुलेखिका मान वर करते:
शेळी एकवचनी ना?
'एकवचनी,' इरासेमा म्हणते. पुढची तारीख पडते.

दुपारी पार्किंगमध्ये
ती गाडीत बसते, किल्ली फिरवत नाही.
आईचं कोपर आठवतं, पिठानं भरलेलं,
आणि टेबलाखालून दिसणारे चार पाय.
मागे हॉर्न वाजतो.
पुन्हा वाजतो.
ती कुणाच्या तरी वाटेत आहे,
कुठल्या भाषेत
ते हॉर्नवरून कळत नाही.