मेलेल्यानं उठू नये

यंदाही मला तिसरा गोलंदाज दिलाय.
तिसरा गोलंदाज म्हणजे दुसऱ्या बारानंतर मरायचं,
बुरुजाच्या उजव्या अंगाला, चिंचेखाली
(सावली मागच्या वर्षी भांडून मिळवली)
आणि शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही.

वेढा नक्की कोणता, यावर आमच्यात दोन तट.
हिप्परगीकर सर एक साल सांगतात,
बँकेतला शाबादे दुसरं.
फलकावर मधलंच एक साल रंगवलंय.
त्या साली सोलापुरात, माझ्या माहितीत,
काहीच झालं नव्हतं.

चिलखत माझं मी केलं.
अक्कलकोट रोडच्या बंद शेडमधून
जॅकार्डच्या तारा आणल्या, किलोच्या भावानं.
बोटाएवढ्या सळईवर गुंडाळल्या, कापल्या,
कडीत कडी, कडीत कडी,
अकरा हजार दोनशे चाळीस.
आमच्या घरात मोजल्याशिवाय कुणी काही करत नाही.
रेणुका म्हणाली, हे विणणंच झालं की.
मी म्हणालो, विणणं नाही, इतिहास आहे.
तिनं विड्यांचं सूप पुढं ओढलं
आणि वाद तिथंच ठेवला.

तटाबाहेर हस्तकलेचा मेळा.
बुरूड, घोंगडीवाले, पितळेवर ठोके देणारा एकजण,
आणि चौदा नंबरला खड्डामागावर
नायना.
बागेत खणायला परवानगी नाही,
म्हणून खड्डा जमिनीच्या वर बांधलाय, फळ्यांचा.
एकतीस वर्षं पॉवरलूमवर चादरी काढलेला माणूस
लहानपणीच्या पावड्यांवर पाय ठेवून बसलाय.
पाय विसरले नव्हते.
सकाळी बिल्ला लावलेली एक मुलगी येऊन म्हणाली,
आजोबा, चष्मा काढा ना, त्या काळी नव्हते चष्मे.
नायनांनी काढला. खिसाही त्या काळी नव्हता,
म्हणून माझ्याकडं दिला.

दुसरा बार झाला. मी मेलो.
चांगला मेलो, कोपर न आपटता.
गालावर मुंगी, तोंडात धूळ,
वर दोन पोरं वाकलेली:
ह्यो श्वास घेतोय बे!
मी श्वास धरला.
जमिनीला कान होता, त्यातून
लढाईच्या खालून माग ऐकू येत होता.
खट्, सर्र, खट्.
खट्, सर्र,

आणि नाही.

धागा तुटला की सहा मोजेपर्यंत गाठ बसते.
सहा झाले. वीस झाले.
शत्रू तटावर चढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.
चाळीस.
तुटलेलं टोक शोधणारी ती बोटं
मला डोळे मिटून दिसत होती.
चष्मा माझ्या चिलखताखाली होता,
छातीत टोचत.

मेलेल्यानं उठू नये,
हे सरांनी तालमीत तीनदा सांगितलं होतं.

नऊ किलो लोखंड घेऊन मी उठलो.
लाउडस्पीकर अडखळला.
शत्रूचा एक भालेकरी, तो आमच्या गल्लीतलाच,
बाजूला सरून म्हणाला, जा बे, जा.

चौदा नंबरला गुडघे टेकले.
पंजे काढले, बोट ओलं केलं,
वहीतून टोक ओढून घेतलं, गाठ मारली.
नायनांना नुसतं काहीतरी चकाकताना दिसलं असणार.
तेलुगूत विचारलं, कोण?
मीच, नायना.
लढाई संपली?
नाही. मी मेलोय.
बरं, म्हणाले. मग इथं बस, कांड्या भर.

चष्मा दिला. त्यांनी घातला, बिल्लेवालीकडं न बघता.
एका पोरीनं दोरी धरून पुढं वाकून विचारलं,
ही गाठ त्या काळातली का?
छे, नायना म्हणाले, आत्ताची.
ओली असेल अजून.

मागं शिट्टी झाली.
सगळे मेलेले उठून कपडे झटकत
चहाच्या टपरीकडं गेले.
माझी दुसरी कांडी अर्धी झाली होती.