उजवा डोळा, रात्री पावणेबारा

डावी निघाली. सवयीनं, एका चिमटीत.
उजवी निघेना.

बेसिनवरच्या पिवळ्या दिव्याखाली
मी माझ्याच बुबुळाला चिमटे घेत होते
आणि ते निसटत होतं,
ओल्या साबणाच्या शेवटच्या तुकड्यासारखं.
वर बघ. खाली बघ. नाकाकडे बघ.
माझं मलाच सांगणं.
पापणी उलटून आतली लाली पाहिली,
एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
लेन्स नव्हती.
म्हणजे वर गेली. मागे गेली.

मागे म्हणजे कुठे?
दहावीत डोळ्याची आकृती काढली होती,
दहापैकी सात मिळाले होते.
त्या उरलेल्या तिनांत गेली असणार.

निवृत्ती पगार आठवला, अंबडचा,
आमच्याच शेडमधला, लेथवरचा.
गॉगल कपाळावर, स्टीलचा किस उडाला,
निळा, गरम, एवढासा.
दुखलं का हो, असं सगळे विचारायचे.
नाही, म्हणायचा,
कुणीतरी खोलीतला दिवा मालवला, एवढंच.
आणि हसायचा, उरलेल्या डोळ्यानं.

मी बाथरूमचा दिवा मालवून पाहिला.
का, ते विचारू नका.

मंजिरीला उठवलं.
"संध्याकाळी मिरच्या तूच निवडल्यास ना?"
एवढंच बोलली आणि स्कूटरची किल्ली शोधू लागली.
डिसेंबरची थंडी, त्र्यंबक रोड रिकामा.
उजव्या डोळ्यावर तळवा दाबून मी मागे बसलेली.
दिवे फुगून एकमेकांत सांडत होते,
दुकानांच्या पाट्या नुसते रंग.
मधे एकदा तळवा काढून पाहिलं:
उजव्यानंही तेवढंच धूसर.
तेव्हाच कळायला हवं होतं मला,
दोन मायक्रॉनची चूक पकडण्याचा पगार घेणारीला.
मला वाटलं, गेला डोळा.

शरणपूर रोडला रात्रपाळीचा डॉक्टर,
कोवळा, स्वेटरची बाही उसवलेली.
हनुवटी इथे. कपाळ टेकवा.
केशरी टोकाची कागदाची पट्टी, मग निळा उजेड.
तो बघत राहिला,
मी गेजचा काटा थांबायची वाट बघते तसा.
मलाही श्वास घ्यावासा वाटेना,
माप चुकेल म्हणून.

"डोळ्यात काही नाहीये, मॅडम."
काहीच?
"ओरखडे आहेत. चार. नखांचे."

मंजिरी भिंतीवरच्या तक्त्याकडे वळली,
खांदे हलत होते तिचे.
डॉक्टर लिहीत होता: थेंब, मलम,
दोन आठवडे लेन्स नाही,
परवा पुन्हा दाखवा, दुखणं वाढलं तर उद्याच.
मी विचारलं, दिसेल ना?
त्यानं मान वर केली.
"दिसेल. पण हे गमतीवर नेऊ नका."

अडीच वाजता घरी.
लेन्स बाहीवर होती, कोपराजवळ,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी वाळलेली,
कडा वळलेल्या.
एक थेंब टाकला तिच्यावर.
उलगडली. मऊ झाली. जणू काही घडलंच नाही.
केराच्या डब्यात टाकली तिला,
जुना चष्मा काढला, एका काडीला दोरा असलेला,
आणि नेलकटर.

"रात्रीची नखं कापू नयेत," मंजिरी पांघरुणातून म्हणाली.
मी दहाही कापली.